झेंडूला दसरा कसा कळतो?

झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तेथे 1 आणि 2 नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणाचा सण असतो. त्यांच्यासाठी वाढलेल्या अन्नाभोवती झेंडूची फुले मांडतात. महाराष्ट्रात हेच फूल दसऱ्याच्या तोरणात, वाहनांच्या माळेत आणि श्रीखंड-पुरीच्या ताटाभोवतीच्या महिरपीत दिसते. दोन्ही सण शरद ऋतूतले आहेत आणि झेंडूचा भर बहरही याच काळात असतो.

वनस्पती ऋतू ओळखतात त्या मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. सप्टेंबर संपताना रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि डिसेंबरात दिवस 11 तासांवर येतो. पानांतील फायटोक्रोम हे प्रथिन उजेड-अंधार ओळखते. लहान दिवसांत फुलणाऱ्या वनस्पतींत अंधाराचा सलग काळ पुरेसा लांबला की पानांतून शेंड्याकडे संदेश जातो आणि तेथे पानांऐवजी कळ्या धरू लागतात. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखूवरील प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा हा परिणाम दाखवून दिला. शेवंती या बाबतीत फार काटेकोर असते. तिचा बहर लांबवायचा असेल तर शेतकरी रात्री शेतात दिवे लावतात. मोठ्या फुलांचा झेंडू तितका हट्टी नाही. तो मोठ्या दिवसांतही फुलतो, पण रात्र वाढली की लवकर फुलतो.

सणाची तारीख मात्र चांद्र पंचांगाची. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, तर 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. हे अंतर भरून काढायचे काम शेतकऱ्याचे असते. लागवडीची तारीख मागेपुढे करून आणि रोपाचा शेंडा खुडून तोडणी सणाच्या आठवड्यात आणली जाते.

झेंडूचे एक फूल म्हणजे खरे तर अनेक फुलांचा गुच्छ. फूल मधोमध फाडले की प्रत्येक ‘पाकळी’ सुटी होते आणि तिच्या बुडाशी बारीक काडीसारखा बीजांडकोश दिसतो. वाळल्यावर तेच काळे बी. म्हणजे प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल आहे. सगळ्या पाकळ्या खालच्या हिरव्या पेल्यात घट्ट बसलेल्या असतात, म्हणून सुई आरपार गेली तरी फूल विस्कटत नाही.

पिवळा-केशरी रंग ल्युटिनसारख्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे पाणी शिंपडले तरी रंग उतरत नाही. अंड्याचा बलक गडद पिवळा व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात, तो याच ल्युटिनसाठी.

माळेतल्या फुलाला देठातून पाणी मिळत नाही. ते किती टिकेल हे आतले पाणी किती सावकाश उडते आणि बुरशी लागते की नाही, यावर ठरते. ओल्या फुलांचा ढीग पिशवीत बांधून ठेवला तर रात्रीत पाकळ्या काळ्या पडतात. फुले वर्तमानपत्रावर पसरून सावलीत ठेवावीत आणि माळ शक्यतो आदल्या संध्याकाळी ओवावी. आंब्याची पाने तोरणात त्याहून जास्त टिकतात, कारण त्यांच्यावर मेणाचा थर असतो आणि त्यांची पर्णरंध्रे बहुतेक खालच्या बाजूला असतात. फुलदाणीतल्या शेवंतीची पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की जिवाणू वाढून देठातल्या नलिका तुंबतात. पिकलेली केळी फुलांपासून लांब ठेवावीत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने अनेक फुले लवकर कोमेजतात.

जेवणाच्या पंगतीत काही पथ्ये पाळावी लागतात. अन्नाची चव बरीचशी वासावर अवलंबून असते, म्हणून निशिगंधासारखी उग्र सुवासाची फुले ताटापासून दूर बरी. कण्हेर, बिट्टी आणि कळलावी दिसायला देखणी असली तरी विषारी आहेत. ती अन्नाजवळ किंवा लहान मुलांच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत. बाजारातल्या फुलांवर कीटकनाशकाचे अंश असू शकतात. त्यामुळे महिरप ताटाबाहेर काढावी, श्रीखंडावर झेंडूच्या पाकळ्या टाकू नयेत.

दसरा झाल्यावर ही फुले नदीत सोडू नयेत. पाण्यात कुजताना ती त्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि त्याची झळ माशांना बसते. माळेचा दोरा काढून फुले कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा निर्माल्य कलशात टाकावीत. थोडी फुले वाळवून ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात त्यांचे बी कुंडीत पेरता येते.