‘थिमॅटिक’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि उपयोजन

‘थिमॅटिक’ हे इंग्रजी विशेषण मराठी साहित्यसंशोधनात वारंवार आढळते. त्याचे मूळ ग्रीक ‘थेमा’, म्हणजे मांडलेली गोष्ट, या नामात आहे. त्यामागील ‘ठेवणे’ या अर्थाचा ग्रीक धातू संस्कृत ‘धा’ धातूशी सजातीय असून ‘विधान’, ‘निधी’ हे शब्द त्याच ‘धा’पासून सिद्ध झाले आहेत.

मराठीत या विशेषणासाठी सरसकट ‘विषयनिष्ठ’ हा प्रतिशब्द योजल्यास अर्थहानी होते. कारण विषय आणि आशयसूत्र भिन्न आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तिचा विषय शेतकरीजीवन. परंतु शिकलेल्या शेतकरीपुत्राची शेती आणि नोकरी या दोहोंकडून होणारी कोंडी हे तिचे आशयसूत्र होय. केवळ विषय नोंदविल्यास ती ‘ग्रामीण’ या कप्प्यात बंदिस्त होते. सूत्र शोधल्यास शहरी बेकारीचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्यांशीही तिची तुलना शक्य होते.

म्हणून टपाल तिकिटांच्या वा ग्रंथांच्या वर्गीकरणास ‘विषयवार’, तर साहित्यकृतीच्या अभ्यासास ‘आशयसूत्रात्मक’ म्हणणे अधिक समर्पक ठरते.