जनुकाला गप्प ठेवणारा पत्ता

वरूड-मोर्शीकडे आंबलेल्या संत्र्यांवर बारीक चिलटं घोंघावतात ना, त्यांच्याच कुळातल्या ड्रोसोफिला माशीबद्दल आज आपण बोलू. झाडावरच्या फळात अंडी घालणारी फळमाशी वेगळी.

नर ड्रोसोफिलाच्या फक्त पुढच्या दोन पायांवर राठ केसांचा छोटा कंगवा असतो. १९४७ साली पामेला लुइस यांनी मागच्या पायांवरही कंगवे असलेल्या नरांची नोंद केली. त्या बिघडलेल्या जनुकाचं नाव पडलं पॉलीकोम्ब.

आता प्रश्न बघा. डीएनए सगळ्या पेशींत एकच. कुठलं जनुक कुठे चालू राहील, हे भ्रूणात अगदी लवकर ठरतं आणि ठरवणारी प्रथिनं काही तासांत नाहीशी होतात. मग पुढे कित्येक विभाजनं झाली तरी ‘हे जनुक इथे बंद’ हे पेशीच्या लक्षात राहतं कसं?

डीएनएमध्ये काही शे अक्षरांचे तुकडे असतात, पॉलीकोम्ब रिस्पॉन्स एलिमेंट, थोडक्यात पीआरई. पॉलीकोम्बला स्वतःला ही अक्षरं वाचता येत नाहीत. वाचतं ते फो नावाचं प्रथिन. काही ठिकाणी सोबत गागा फॅक्टरही लागतो. पुढे हैदराबादच्या सीसीएमबीचे संचालक झालेले राकेश मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका पीआरईवर दोघांचीही गरज दाखवली.

फो बसलं की प्रथिनांचे दोन गट येतात. डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर पहिला गट मिथाइलची खूण करतो. दुसऱ्या गटातलं पॉलीकोम्ब ती खूण ओळखून तिथे ठाण मांडतं. जनुक गप्प.

मग खूण झाल्यावर पत्त्याची गरज संपते का? अकोल्याच्या जिनिंगमधल्या रुईच्या गाठी डोळ्यांसमोर आणा. सगळ्या गाठींवर गेरूची खूण आहे. त्या दोन गोदामांत निम्म्या-निम्म्या वाटल्या आणि उरलेली जागा कोऱ्या गाठींनी भरली. खूण करणारा माणूस नसेल, तर प्रत्येक वाटणीत खुणा निम्म्या होणार. २०१७ साली दोन प्रयोगशाळांनी माशीत हेच पाहिलं. पीआरई कापून काढल्यावर विभाजनागणिक खूण विरळ होत गेली आणि जनुक जागं झालं. म्हणजे आठवण नुसत्या खुणेत नाही. पत्ता प्रत्येक वेळी प्रथिनांना पुन्हा बोलावतो.

हीच प्रथिनं थोड्या फरकाने आपल्यातही आहेत. खूण करणाऱ्या ईझेडएच-२ या प्रथिनातले बदल काही लिंफोमा कर्करोगांत सापडतात. माणसात मात्र माशीसारखे स्पष्ट पत्ते सहसा दिसत नाहीत. तिथे ही प्रथिनं नेमकी जागा कशी गाठतात, यावर अजून काम चालू आहे.