उष्मांक मोजणारे ॲप निवडताना

मधुमेह व स्थूलता यांच्या उपचारात औषधांइतकेच महत्त्व आहाराला आहे. आहाराची नोंद ठेवण्यास भ्रमणध्वनीवरील ॲप उपयुक्त ठरते; मात्र ते निवडताना जाहिरातीपेक्षा आपल्या ताटाकडे पाहावे.

सोलापूरच्या घराघरांत ज्वारीची भाकरी व शेंगाचटणी नित्याची आहे. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे २०० उष्मांक मिळतात, तर वीस ग्रॅम शेंगाचटणीतून सुमारे १००. म्हणजे चटणीची नोंद राहून गेली, तर अर्ध्या भाकरीइतके उष्मांक हिशेबाबाहेर राहतात. म्हणून ज्या ॲपमध्ये हे पदार्थ सापडतात व ग्रॅममध्ये नोंदविता येतात, तेच आपल्या उपयोगाचे.

‘हेल्दीफायमी’ हे भारतीय ॲप असून त्यात भारतीय पदार्थांचा समावेश आहे. ‘मायफिटनेसपाल’चा संग्रह विस्तृत आहे, परंतु त्यातील अनेक नोंदी वापरकर्त्यांनी भरलेल्या असल्याने एकाच पदार्थाचे निरनिराळे आकडे आढळतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. शंका आल्यास त्यांतील आकडे प्रमाण मानावेत.

भाकरीचे पीठ व फोडणीचे तेल एकदा तरी काट्यावर तोलून पाहावे. शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेच नोंदीस साहाय्य करावे. ॲपवरील आकड्यांवरून इन्सुलिनची मात्रा मात्र परस्पर बदलू नये. आठवड्याची नोंद डॉक्टरांना दाखवावी. नोंद हे साधन आहे. निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा.