खेळाआधीची नांदी

नाटकाची तिसरी घंटा झाली, की प्रेक्षागृहातली कुजबुज आपोआप थांबते. पडदा अजून वर गेलेला नसतो, तरी बसची गर्दी, घरी राहिलेली कामं, शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांचा खोकला हे सारं मागे सरलेलं असतं. संगीत नाटकात त्यानंतर नांदी होई, सूत्रधार येई, नटीशी चार शब्द बोले, आणि आपण नकळत कण्वमुनींच्या आश्रमात जाऊन पोहोचत असू. गोष्टीत एकदम ढकललेलं आमच्या पिढीला रुचत नाही. कुणीतरी हाताला धरून उंबरठ्यापर्यंत नेलं, म्हणजे पाऊल आत पडतं.

व्हिडिओ गेमलाही अशी नांदी असते, असं म्हटलं तर माझ्या वयाचे वाचक भुवया उंचावतील. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. गेम खेळण्यात माझी गती शून्य. डोळे सांगतात ते बोटं ऐकत नाहीत. पण खेळाच्या आरंभी पडद्यावर जी दोन-चार मिनिटांची चलचित्रं सरकतात, त्यांचा मात्र मी नादी आहे. कादंबरीचं पहिलं पान लिहिताना ज्याला घाम फुटलेला आहे, तो दुसऱ्याने सुरुवात कशी केली हे निरखून पाहणारच.

आरंभी या चित्रांचं काम जत्रेतल्या डोंबाऱ्याच्या ढोलकीचं होतं. नाणं टाकून खेळायची मोठी यंत्रं असत. समोर कुणी नसलं, की ती स्वतःच थोडा खेळ करून दाखवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'डाँकी काँग' आला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळात नाणं टाकल्यावर एक अवाढव्य वानर एका तरुणीला घेऊन शिड्या चढत वर जातं. वर पोहोचल्यावर ते धाडधाड उड्या मारतं आणि त्या दणक्याने पोलादाच्या सरळ तुळया तिरक्या होतात. एवढंच. पण खेळ सुरू झाला, की त्याच तिरक्या तुळयांवरून पिंपं घरंगळत तुमच्या अंगावर येतात. अवघ्या काही सेकंदांत अपहरण झालं, खलनायकाचा राग कळला आणि संकट कुठल्या बाजूने येणार हेही कळलं. यातला एकही क्षण काढून टाकता येत नाही. कथालेखकाने हेवा करावा अशी ही काटकसर आहे.

आमच्या शाखेत १९९२च्या सुमारास संगणक आले. त्यांना वातानुकूलित खोली मिळाली, जी मॅनेजरसाहेबांनाही नव्हती, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवघरच ते! एका संध्याकाळी काम आटोपल्यावर एका तरुण कारकुनाने खिशातून फ्लॉपी काढली आणि त्या देवघरात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' अवतरला. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली ॲपल टू संगणकासाठी तयार केला होता आणि १९९०मध्ये तो आमच्यासारख्यांच्या डॉस संगणकांवर आला. आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून मेकनरने त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्राच्या हालचाली उभ्या केल्या. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. थोडक्यात, घरचंच कार्य.

त्याची नांदी अशी. सुलतान राज्याबाहेर आहे. राजकन्या आपल्या महालात एकटी. वजीर जाफर आत येतो, ती मागे सरते. तो हात उंचावतो आणि जमिनीवर वाळूचं घड्याळ प्रकट होतं. तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाही तर मर. जाफर निघून जातो, वाळू झरू लागते. तोंडाने कुणी एक शब्द बोलत नाही. मोजक्या ओळी पडद्यावर उमटतात आणि टिचभर स्पीकरमधून सूर येतात. पुढच्या क्षणी तुम्ही तळघरात असता आणि तुमच्या हाती बरोबर ६० मिनिटं असतात, खरोखरची, भिंतीवरच्या घड्याळात मोजता येतील अशी. अधूनमधून खेळ पुन्हा त्या महालात डोकावतो, तेव्हा वरची वाळू कमी झालेली दिसते. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर त्या दीड-दोन मिनिटांत तुमच्या नावावर खातं उघडलं गेलेलं असतं आणि मुदत एक तास. आमचा तो कारकून खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडला, की मागे उभे असलेले चार जण हळहळत. त्यांना खेळाची एक कळ ठाऊक नव्हती. राजकन्या मात्र सगळ्यांनी पाहिली होती.

इथेच सिनेमाची सुरुवात आणि खेळाची सुरुवात यांच्यातला फरक मला जाणवला. सिनेमा आपल्याला खुर्चीत नीट बसवतो. खेळाला आपल्याला खुर्चीतून उठवायचं असतं. पाहणाऱ्याचा करणारा व्हायला हवा, आणि तो क्षण साधणं हे खरं कसब. फ्रान्सच्या एरिक शाही याने १९९१च्या 'अनदर वर्ल्ड'मध्ये तो विलक्षण साधला. दोनेक वर्षं जवळजवळ एकट्याने राबून त्याने हा खेळ केला. वादळी रात्री एक शास्त्रज्ञ मोटारीने प्रयोगशाळेत येतो, लिफ्टने खाली जातो, प्रयोग सुरू करतो, निवांतपणे शीतपेयाचा डबा उघडतो. वीज कोसळते आणि तो टेबलासकट नाहीसा होतो. मग तो दिसतो कुठल्याशा अनोळखी जगातल्या पाण्यात, बुडताना. आपण अजून सिनेमा पाहत बसलेलो असतो. पण सिनेमा संपलेला आहे, आणि कळ दाबून त्याला वर आणलं नाही, तर तो मरतो. सूचना नाही, बाण नाही. परक्या जगात एकटं पडणं म्हणजे काय, हे त्या एका गटांगळीत समजतं.

याच्या अगदी उलट तऱ्हा १९९८च्या 'हाफ-लाइफ'ची. गॉर्डन फ्रीमन नावाचा पदार्थवैज्ञानिक भूमिगत संशोधन केंद्रात कामाला निघाला आहे. कित्येक मिनिटं तो डब्यातून नुसता प्रवास करतो आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना चालू असतात. खेळणाऱ्याला डब्यात फिरता येतं, खिडकीबाहेर पाहता येतं. याहून जास्त काही करता येत नाही. मी वर्षानुवर्षं डोंबिवलीहून फोर्टला गेलेला माणूस, मला ही सुरुवात समजावून सांगावी लागली नाही. नेहमीच्या वाटेवर असलेल्या माणसाचं मन किती बेसावध असतं! पुढे प्रयोग फसतो आणि सारं केंद्र उद्ध्वस्त होतं, तेव्हा जीव कळवळतो, कारण ते धडधाकट चालू असताना आपण पाहिलेलं असतं. घर मोडल्याचं दुःख वाचकाला व्हायला हवं असेल, तर आधी त्या घरात त्याला चहा पाजला पाहिजे.

प्रत्येक नांदीला हे जमलं असं नाही. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या जागी साडेसहाशे मेगाबाइटची सीडी आली आणि अनेकांना पंख फुटले. आरंभी झगमगीत चित्रपट, आणि खेळ सुरू झाल्यावर ओबडधोबड बाहुल्या. कर्जाच्या फायलीत रंगीत माहितीपत्रक आणि रोडावलेला ताळेबंद एकत्र आला, की आम्ही सावध होत असू, तसंच ते. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९७च्या 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये ही फट बुजवली. तीन सीडींचा तो खेळ. आरंभी एका फुलं विकणाऱ्या मुलीचा चेहरा दिसतो. कॅमेरा मागे, वर जात जात धुरकट महानगर दाखवतो आणि उतरत उतरत थेट रेल्वे स्थानकावर येतो. गाडी थांबते, नायक उडी मारतो, आणि आता तो तुमच्या ताब्यात असतो. एवढ्या मोठ्या शहराआधी एक चेहरा दाखवावा, हे ज्याला सुचलं त्याला गोष्ट सांगणं कळत होतं.

आपल्याकडेही हे घडू लागलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेल्या मुलीची ही गोष्ट. निवेदन करतात साक्षात दुर्गा आणि विष्णू, आणि कथाभाग उलगडतो छायाबाहुल्यांच्या चित्रांतून. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दिव्याच्या उजेडात हलणाऱ्या त्या आकृती परक्या वाटणार नाहीत.

आता घरातली गोष्ट. बहुतेक घरांत गेमवरून एकच संवाद होतो. "किती वेळ झाला?" "पाच मिनिटं." "बंद कर." वेळेचं बंधन हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या संवादात आपण मुलाला, तो कुठे जाऊन आला हे कधी विचारलेलंच नसतं. माझा नातू बारा वर्षांचा आहे. तो स्वतः खेळतो तेव्हा सुरुवातीची चित्रं बटण दाबून उडवून लावतो. शंभर वेळा पाहिलेली असतात, त्याचंही खरंच. मी शेजारी बसलो, की मात्र तो बटणावरचं बोट काढून घेतो. "आजोबा, हा बघा, हा याचा भाऊ. पण याला ते अजून माहीत नाही हं." सांगताना त्याचा आवाज खाली येतो. घरातल्या इतर कुठल्याही विषयावर तो माझ्याशी इतकं बोलत नाही.

खेळात मी त्याच्यापुढे टिकणार नाही. पण ती पहिली तीन मिनिटं दोघांची सारखीच असतात. तिथे कौशल्य लागत नाही. गोष्ट ऐकण्याची तयारी लागते, आणि ती आजी-आजोबांपाशी भरपूर असते. तेव्हा येत्या रविवारी मुलांना "बंद कर" म्हणण्याआधी एकदा "सुरुवात दाखव" म्हणून पाहा. शेजारी बसा, कोण कोणाचा ते विचारा. मग नांदी संपली, की सूत्रधारासारखं बाजूला व्हावं. पुढचा प्रवेश त्यांचा आहे.