बांधावरचे तित्तर

पुणे जिल्ह्यातला खेड तालुका फार लांबट आहे. पश्चिमेचं टोक भीमाशंकरच्या दाट रानात शिरतं, तर पूर्वेकडे इंद्रायणी आणि भामा यांच्यामधल्या उघड्या माळावर चाकण वसलं आहे. पश्चिमेच्या रानात करडा रानकोंबडा आरवतो, जाळीत चकोत्री पळते. पूर्वेच्या माळावर तित्तर, लावे, मोर असत, आणि थोडेफार अजून आहेत. हे सगळे पक्षी एकाच कुळातले. विलायतेत आणि अमेरिकेत ज्या फेझंटसाठी माणसं थंडीत कुत्री आणि बंदुका घेऊन निघतात, त्याचं कूळही हेच. अस्सल फेझंट आपल्याकडे हिमालयात राहतात. महाराष्ट्रातल्या बंदूकवाल्याचा रोजचा पक्षी होता तित्तर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणची कारखानदारी जिथे उभी राहिली, ती बरीचशी जमीन या तित्तराची होती.

या माळांवरच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद प्रथम नेटाने केली ती कर्नल विल्यम सायक्स याने. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून तो दख्खनभर हिंडला. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. खडकाळ माळावरचा लावा आणि घाटातला चितारलेला लावा या दोन्हींची शास्त्राला ओळख त्यानेच करून दिली. पुढे १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर निबंध लिहिला, आणि ह्यूम व मार्शल यांचा शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथही त्याच सुमारास निघाला. या लोकांनी पक्षी पाहिला तो बंदुकीच्या नळीवरून. ते आज खटकतं, पण त्यांच्या नोंदी नसत्या तर काय हरवलं हे मोजायला आपल्याजवळ मापच नसतं. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत शिकारी इंग्रज होते, तसे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुनही होते. सालिम अलींची वाटसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासूनच सुरू झाली.

तित्तराच्या शिकारीचा हंगाम थंडीचा. सुरुवातीला, कार्तिकात, रानात उभं पीक आणि दाट गवत असे. पक्षी सगळीकडे विखुरलेला, त्या वर्षीची पिल्लं अजून अडाणी. खरा कस लागे तो हंगामाच्या शेवटी, माघ-फाल्गुनात. तोवर ज्वारी निघालेली असे. शेतात नुसती धसकटं, ओढे आटलेले, माळावरचं गवत कापून नाहीतर चरून संपलेलं. तित्तराला लपायला उरत ते बांध, ओघळी, घायपाताच्या रांगा, बोरीबाभळीची झुडपं आणि निवडुंगाची कुंपणं. पक्षी थोडक्या जागेत गोळा झालेला असे, पण शहाणाही झालेला असे. वाचलेला प्रत्येक तित्तर दोन-तीन महिने माणूस आणि कुत्रा ओळखून असायचा.

त्यातून तित्तर उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. मान खाली घालून बांधाच्या कडेने तो असा सुटतो की शिकारी झुडपापाशी पोचेपर्यंत पक्षी पुढच्या शेतात गेलेला. निरुपाय झाला तरच पायाखालून फडफड करत उठतो, जोरात पंख मारत सरळ जातो आणि शे-दोनशे पावलांवर पुन्हा जमिनीला चिकटतो. म्हणून एकट्या बंदूकवाल्याचा निभाव लागत नसे. कुत्रं लागे, नाहीतर बांधाच्या दोन्ही बाजूंनी चालणारी पोरं. छावणीतले गोरे अधिकारी विलायतेहून पॉइंटर आणि स्पॅनियल आणत. पॉइंटर पक्ष्याचा वास लागताच एक पाय उचलून खांबासारखा थिजतो, स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो. विलायतेच्या ओल्या रानात तयार झालेल्या या नाकांना दख्खनचा उन्हाळ्याकडे झुकणारा हंगाम जड जाई. वास टिकायला ओल लागते. दव आहे तोवर, म्हणजे सकाळचे दोनेक तास, कुत्र्याचं नाक चाले. ऊन चढलं की माती तापे, वास विरून जाई, आणि कुसळं पंजांत व कानांत शिरून कुत्रं हैराण होई.

आपल्याकडची कारवान कुत्री या कामाची नव्हेत. तीच मुधोळची. लांब पाय, आत गेलेलं पोट, अरुंद तोंड. ती नजरेने शिकार करतात, ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीची निगा राखली, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं. गावातल्या बंदूकवाल्याबरोबर असे ते गावठी कुत्रं. त्याला कुणी शिकवलेलं नसे. पण बांधातला पक्षी कोणत्या तोंडाने बाहेर पडणार, हे त्याला चार हंगामांत कळे. त्या कुत्र्यांबद्दल लिहिलेलं जवळजवळ काहीच सापडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बंदूक म्हणजे बहुधा बारा बोअरची दुनळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी येते ती या नळीची रुंदी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. तित्तराला सहा नंबरचा छर्रा, लाव्याला आठ नंबरचा आणखी बारीक. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असेल तर छर्रे दूरवर एकत्र राहतात. दुनळीत बहुतेक उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. पहिला बार जवळ उठलेल्या पक्ष्यावर, दुसरा लांब गेलेल्यावर. तीस-पस्तीस मीटरपलीकडे बार टाकणं म्हणजे पक्षी जखमी करून काट्यांत हरवणं, आणि चांगला शिकारी त्याला कमीपणा मानी. बर्मिंगहॅमच्या जुन्या दुनळ्या इनामदार, पाटील, वकील यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. ज्याला ती ऐपत नव्हती त्याच्याकडे ठासणीची, तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची एकनळी.

काडतुसाच्या बाबतीत हा परिसर नुसता शिकारीचा मुलूख नव्हता. दापोडीसमोर मुळा ओलांडली की खडकी, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. म्हणजे त्याआधी पंच्याऐंशी वर्षं या पट्ट्यातला मोठा कारखाना काडतुसांचा होता. लष्करी दारूगोळ्याबरोबर बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसंही खडकीचीच, आणि देशभरच्या परवानाधारकांनी ती वापरली. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

बंदुकीआधीही तित्तर धरला जात होता, आणि जास्त कौशल्याने. फासेपारधी बारीक फासांची ओळ बांधावर रोवत, पाळलेल्या तित्तराला पिंजऱ्यात ठेवून बोलतं करत. त्याच्या हाकेवर रानातला नर भांडायला आला की फासात पाय अडके. शिकवलेल्या गायीच्या आडोशाने पक्ष्याजवळ सरकायची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे. १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत इंग्रजांनी अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. मारुती चितमपल्लींनी रानविद्येसाठी पारध्यांना गुरू मानलं आणि तसं लिहिलं. हौसेने पक्षी मारणाऱ्याच्या भिंतीवर दुनळी शोभते, आणि पोटासाठी फास लावणारा हवालदाराला बघून पळतो. या हिशेबात मला सरळ अन्याय दिसतो.

कायदा टप्प्याटप्प्याने आला. रानपक्ष्यांसाठी पहिला १८८७ चा, मग १९१२ चा. या दुसऱ्या कायद्याच्या यादीत तित्तर, लावे, रानकोंबडे, मोर, चकोत्री होते, आणि विणीच्या काळात शिकार बंद ठेवायचा अधिकार प्रांतिक सरकारांना होता. १९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळी शिकार एका फटक्यात थांबली असं सर्रास मानलं जातं, पण तसं झालं नाही. त्या कायद्यात लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती. ती कलमं १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि तेव्हा हौशी शिकारीचं दार खऱ्या अर्थाने बंद झालं. व्यंकटेश माडगूळकरांसारखे काहीजण त्याआधीच बंदूक ठेवून नुसतं रान पाहणारे झाले होते.

शिकारबंदी योग्यच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण कळायला अमेरिकेतला फेझंट बघावा. तो चीनमधून नेलेला. ओवेन डेनी या वकिलाने १८८१-८२ मध्ये शांघायहून ओरेगॉनला पाठवलेल्या पक्ष्यांपासून तो तिथे पसरला. तिथे फक्त नर मारायची मुभा असते, कारण नर रंगाने लांबूनच ओळखू येतो आणि एका नराला अनेक माद्या असतात. काही नर गेले तरी वीण अडत नाही. आपला राखी तित्तर जोडीने राहतो, नर-मादी दिसायला सारखे, फरक काय तो नराच्या पायावरच्या आरीचा. उडालेल्या पक्ष्याची आरी कोण बघणार? इथे प्रत्येक बार एखादी जोडी मोडायचा.

पण अमेरिकेने आणखी एक केलं. १९३७ पासून तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या खास कराचा पैसा वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाकडे वळवला जातो. शिकाऱ्याला पक्षी हवा, म्हणून त्याला गवतही हवं. आपल्याकडे शिकारी गेला, ते ठीक झालं, पण गवताची फिकीर करणारा दुसरा कुणी त्याच्या जागी आला नाही. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडचे माळ भराभर कारखान्यांखाली गेले. पुढे पाळी चाकणची. म्हाळुंगे, निघोजे, सावरदरी, भांबोली, वराळे. या कारखान्यांनी लाखो घरांत चूल पेटवली, आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. माझं दुखणं वेगळं आहे. भूखंड, रस्ते, गोदामं आखताना तिथल्या गवताला काही किंमत आहे असं कुणाच्या हिशेबात आलंच नाही. जिथे जमीन सोडली तिथेही गिरिपुष्पासारखी परकी झाडं लावून माळाचं हिरवं काहीतरी केलं गेलं. तित्तराला झाडांची दाटी नको असते. रात्री बसायला एखादी बाभूळ आणि दिवसा पळायला विरळ गवत मिळालं की त्याचं भागतं.

आणि जिथे शेती राहिली तिथे? याचं उत्तर इंग्लंडच्या ससेक्समध्ये शोधलेलं आहे. तिथला करडा तित्तर झपाट्याने कमी होऊ लागला. डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं शेतं मोजली आणि कारण सापडलं ते तणनाशकात. तित्तराच्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे दाणा चालत नाही, किडे लागतात. तण गेलं की तणावरचे किडे गेले आणि पिल्लं उपाशी मेली. त्यावर तिथे उपाय निघाला: शेताच्या कडेची पट्टी न फवारता सोडायची, आणि मोठ्या शेतांच्या मधोमध गवताचे उंचवटे मुद्दाम उभारायचे.

ते उंचवटे म्हणजे आपला बांध. इंग्लंडने जो नव्याने घातला तो आपल्याकडे आयता होता, गवत, तरवड आणि बोरीसकट. चाकणच्या कांद्याच्या आणि उसाच्या रानांत तो आता वर्षागणिक अरुंद होतो आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला, मग दोन हातांचा बांध एक हाताचा होतो, त्यावर तणनाशक मारलं जातं, आणि भूखंड पडला की जेसीबी तो एका दुपारात सपाट करतो. पुण्यातली द ग्रासलँड्स ट्रस्ट आता माळ हेही एक रानच आहे असं ठणकावून सांगते आहे. बारामतीकडच्या मयूरेश्वर अभयारण्याने १९९७ पासून पाचेक चौरस किलोमीटर माळ राखला आहे. पण अभयारण्याबाहेरच्या तित्तराचा आधार बांधच.

बंदुका अजून आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी मागता येते. बहुतेक दुनळ्या वारसाहक्काने आलेल्या. दसऱ्याला त्यांची पूजा होते, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात. कुत्र्यांचं मात्र काम बदललं. खेड-जुन्नरच्या पट्ट्यात उसामुळे बिबट्या गावाशेजारी आला आणि कुत्रं हीच त्याची मोठी शिकार झाली. मेंढपाळांची कुत्री गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून हिंडतात. आणि कारखान्यांच्या कुंपणाबाहेर जी भटकी कुत्री वाढली, ती जमिनीवरच्या घरट्यांची अंडी-पिल्लं खातात. एकेकाळी तित्तर उठवणारं कुत्रं आता मालकाशिवाय, हंगामाशिवाय, बारमाही शिकार करतं.

चाकणच्या मोठ्या कारखान्यांना पर्यावरण मंजुरीच्या अटींमुळे हरित पट्टा ठेवावाच लागतो. तिथे आज हिरवळ कापली जाते आणि शोभेची झाडं ओळीत उभी राहतात. त्यातली कुंपणालगतची वीस-तीस फुटांची पट्टी देशी गवताला सोडता येईल. पवना, कुसळी, मध्ये एखादी बोर. तिथे फवारणी नको, वैशाखात जाळणं नको, आणि गवत कापायचं यंत्र दिवाळीनंतर फिरवावं, कारण राखी तित्तराची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते आणि रंगीत तित्तराची तर ऐन पावसात. झुडपाच्या बुडाशी जमिनीत नुसता खळगा करून मादी त्यात सहा-आठ अंडी घालते. यासाठी वेगळं बजेट लागत नाही. माळ्याला काय करू नकोस ते सांगणारा एक अधिकारी प्रत्येक कारखान्यात लागेल.