नळीतलं रक्त

सकाळी ८
डिसेंबरात चिखलदऱ्याचा गारठा फरशीतून वर येतो. सरकारी दवाखान्याची लॅब उघडली की आधी रीएजंटच्या बाटल्या फ्रीजमधून काढायच्या आणि ॲनालायझर ३७ अंशांवर येऊ द्यायचा. इथे दिवसभर मी मोजतो ती एकतर विकरं, म्हणजे एन्झाइम, नाहीतर विकरांच्या मदतीने मोजली जाणारी द्रव्यं. तापमान दहा अंशांनी उतरलं की विकराचं काम साधारण निम्म्यावर येतं. थंड रीएजंटवर घाईने काढलेला एसजीपीटी कमी दिसतो आणि यकृत बिघडलेला माणूस ठणठणीत ठरून घरी जातो.

पावणेनऊ
मोथा, सलोना, सेमाडोहची माणसं रांगेत आहेत. मोथ्याची आजी बाही वर सारत सांगते, "भाऊ, च्या बी नाई घेतला आज." उपाशीपोटीची साखर, म्हणून राखाडी झाकणाची नळी.

शरीरातून निघालेलं रक्त म्हणजे संपलेलं रक्त, असं बहुतेकांना वाटतं. पण नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर खातच राहतात. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळं विकर. विकर म्हणजे नेमकी घडी पडलेलं प्रथिन. त्याच्या खोबणीत ठरावीक रेणू बसतो, तिथे रेणूचे बंध ताणले जातात, एरवी कितीतरी काळ रेंगाळली असती ती क्रिया क्षणात होते, आणि विकर जसंच्या तसं मोकळं होऊन पुढचा रेणू धरतं. म्हणून साध्या नळीत साखर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. राखाडी नळीतलं फ्लोराइड नवव्या पायरीवरच्या एनोलेजला अडवतं. अलीकडच्या पायऱ्या मात्र लगेच थांबत नाहीत, त्यामुळे पहिला तास-दीड तास थोडी साखर जातेच. आजीच्या नळीवर मी नावाखाली वेळ लिहितो.

साडेदहा
गावांकडून जीपने नमुने आले. डबा घाटातल्या खड्ड्यांतून आलाय, ते सेंट्रीफ्यूज थांबल्यावर कळतं. सीरम फिकट पिवळं हवं, एका नळीत ते लालसर आहे. तांबड्या पेशी फुटल्या. एसजीओटी आणि एलडीएच ही विकरं पेशीच्या आत सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त असतात. ती बाहेर सांडली, की यकृत धड असूनही आकडा चढतो. नमुना क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचा आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून तर तपासणी. चुकीच्या आकड्यावर त्याच्या गोळ्या थांबू शकतात.

आशाताईंना फोन लावतो. "ताई, दादांना पुन्हा यावं लागेल." त्यांचा आवाज पडतो. एका खेपेत एक रोज बुडतो, हे त्यांना माहीत आहे, मलाही. तरी असा नमुना मी लावत नाही.

बारा
साखरेची बॅच. दहा मायक्रोलिटर प्लाझ्मा, एक मिलिलिटर रीएजंट, ३७ अंशांवर दहा मिनिटं, आणि नळ्या गुलाबी होतात. रीएजंटमधली दोन्ही विकरंच: ग्लुकोज ऑक्सिडेज बुरशीतून मिळतं, पेरॉक्सिडेज हॉर्सरॅडिशच्या मुळांतून. बुरशीचं विकर माणसाच्या रक्तातली साखर बिनचूक ओळखतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

दोन
पावसाळ्यानंतरची मलेरियाची लाट ओसरली, तरी आज एक स्लाइड व्हायवॅक्स निघाली. मजुरीसाठी बाहेर जाऊन आलेला तरुण. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, त्याला मुळापासून काढायला प्रायमाक्विन लागतं. डॉक्टरांनी आधी जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी मागितली.

तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, नवं प्रथिन बनवायची सोय नाही. जन्मताना मिळालेला विकराचा साठा साधारण १२० दिवस पुरवायचा. जी-सिक्स-पीडी पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवतं. ते मुळातच कमी असेल, तर प्रायमाक्विनने जुन्या पेशी फुटतात, लघवी चहासारखी काळी होते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांना हा धोका जास्त.

त्याच्या रक्तात निळा रंग मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवली. विकर पुरेसं असेल तर तासाभरात निळा रंग उडतो. शेजारी माझं रक्त तुलनेला.

सव्वातीन
माझ्या नळीतला निळा गेला. त्याच्या नळीतला तसाच आहे. आणखी थांबलो. रंग हलला नाही.

डॉक्टरांनी रोजची प्रायमाक्विन सुरू केली नाही, पर्यायी वेळापत्रक ते ठरवतील. तरुणाला कार्डावर ठळक लिहून दिलं आणि भावालाही तपासायला आण म्हणून सांगितलं. अशा गोळ्यांनी पेशी नुकत्याच फुटलेल्या असतील, तर हीच चाचणी फसवते: उरलेल्या कोवळ्या पेशींत विकर भरपूर असतं. म्हणून गोळीआधीच तपासायचं.

पाच
नोंदवही. आजीची साखर ११८.

तुम्ही रक्त द्याल तेव्हा नळीवर वेळ लिहिली का, ते विचारा. आणि मलेरियाच्या गोळीनंतर घरात कुणाची लघवी काळी झाली असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.