दोन पेरं खोल

माझ्या पहिल्या मॉन्स्टेराची पानं पिवळी पडू लागली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं. दिवस पावसाळ्याचे, माती आधीच ओली. शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, लिबलिबीत. फार वाईट वाटलं. मेक्सिकोच्या दमट जंगलात झाडांवर चढणारी ही वेल. तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरून कुजतात. आता मी पाण्याचे वार ठरवत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसते. कोरडं लागलं तरच, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी घालते. बशीत साचलेलं ओतून टाकते. मे महिन्यात हे लवकर-लवकर होतं, जुलैत कधी पंधरवड्यानं.